ऑपरेशनआधीचे पाच दिवस आणि नाकातले जंतू

माझ्या मावशीचा गुडघा बदलायचं ठरलं, तेव्हा ऑपरेशनच्या दोन आठवडे आधी नर्सने तिच्या दोन्ही नाकपुड्यांत कापसाची काडी फिरवली आणि नळीत बंद करून नेली. रक्त, लघवी, ईसीजी, छातीचा एक्स-रे हे सगळं मावशीच्या ओळखीचं होतं. पण गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी नाक कशाला तपासायचं, हे तिला कळेना. तीन दिवसांनी रिपोर्ट आला. नाकात 'स्टॅफ ऑरियस' सापडला होता. "तुम्ही कॅरियर आहात," एवढंच सांगून तिच्या हातात मलमाची एक ट्यूब आणि गुलाबी द्रवाची बाटली ठेवण्यात आली.

त्या रात्री मावशीने नातवाला कुशीत घेतलं नाही. आपलं ताट, पेला, टॉवेल वेगळा काढून ठेवला. घरात कुणाला काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मला फोन करून हळूच विचारलं, "मला नक्की काय झालंय गं?"

तिला काहीच झालेलं नव्हतं. पण हे तिला पटेपर्यंत अर्धा तास गेला. तो अर्धा तास इथे जरा सविस्तर लिहून काढते आहे, कारण असा रिपोर्ट हातात घेऊन घाबरलेली माणसं मला नंतरही भेटली. आणि हा रिपोर्ट कधी हातातच न पडल्यामुळे ज्यांचं नुकसान झालं असेल, अशी माणसं त्याहून जास्त असणार.

जंतू असणं आणि आजार असणं

स्टॅफिलोकोकस ऑरियस हा एक गोल जीवाणू आहे. अ‍ॅबर्डीनचे शल्यविशारद अलेक्झांडर ऑग्स्टन १८८० च्या सुमारास गळवांतला पू सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. त्यांना त्यात हे गोल जीव घोसाघोसाने दिसले. ग्रीक भाषेतल्या द्राक्षाच्या घडाच्या शब्दावरून १८८२ मध्ये त्यांनी त्याला स्टॅफिलोकोकस म्हटलं. दोन वर्षांनी रोझेनबाख या जर्मन डॉक्टरांनी त्यातली सोनेरी रंगाची जात वेगळी काढली, ती 'ऑरियस', म्हणजे सोन्यासारखी. आपण त्याला नावाने ओळखत नसलो तरी कामाने ओळखतो. केसतूड, गळू, पापणीवरची रांजणवाडी, ठणकणारं नखुर्डं, मधुमेह असलेल्या माणसाच्या पाठीवर उठणारी काळपुळी, यांतलं बरंचसं काम याच जीवाणूचं.

पण बहुतेक वेळ तो काहीच करत नाही. ढोबळ हिशेब असा, की दर दहा माणसांतल्या दोघांच्या नाकात तो कायम राहतो, तिघांच्या नाकात येऊन-जाऊन असतो आणि उरलेल्या पाच जणांकडे तो सहसा टिकत नाही. तुम्ही आत्ता बसने जात असाल, तर त्या बसमधल्या बऱ्याच जणांच्या नाकात तो आहे आणि ती सगळी माणसं ठणठणीत आहेत.

त्याची आवडती जागा म्हणजे नाकपुडीचा अगदी पुढचा भाग, जिथे केस असतात तो. हा भाग आतल्या ओलसर पडद्याचा नसून कातडीचाच असतो. त्या कातडीत लोरिक्रिन नावाचं प्रथिन असतं आणि या जीवाणूच्या अंगावरचा एक रेणू त्याला घट्ट पकडतो. म्हणून नाक शिंकरून किंवा पाण्याने धुऊन तो जात नाही. नाकाखेरीज घसा, काखा, जांघा, आतडं इथेही त्याची वस्ती असू शकते. कुणाकडे तो राहतो आणि कुणाकडे नाही, हे बरंचसं शरीराच्या घडणीवर ठरतं. नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात नाकात बोट घालायची सवय असलेल्यांत तो जास्त आढळला हे खरं आहे. पण वाहक (कॅरियर) असणं म्हणजे अस्वच्छ असणं नव्हे. मावशीसारखी स्वच्छता मी फार थोड्या घरांत पाहिली आहे.

तेव्हा दोन शब्द वेगळे ठेवायला हवेत, वस्ती आणि संसर्ग. जीवाणू नाकात राहतो आहे, पण ताप नाही, सूज नाही, पू नाही, ही झाली वस्ती. तो कातडीच्या आत शिरला आणि शरीराशी त्याची झुंज सुरू झाली, की तो संसर्ग. मावशीकडे फक्त वस्ती होती. नातवाला कुशीत घ्यायला काहीच हरकत नव्हती. ताट वेगळं ठेवायची तर मुळीच गरज नव्हती.

मग नाकातला जीवाणू गुडघ्यात कसा जातो?

आपल्याच बोटांनी. माणूस दिवसभरात किती वेळा नाकाला हात लावतो याचा त्याला पत्ताही नसतो. नाकातून बोटांवर, बोटांवरून मांडीवर, पोटावर, मानेवर असा त्याचा प्रवास सतत चालू असतो. एरवी धडधाकट कातडी त्याला आत येऊ देत नाही. ऑपरेशनमध्ये मात्र तीच कातडी कापावी लागते.

रुग्णालयात जखम चिघळली की आपण लगेच म्हणतो, "तिथलं इन्फेक्शन लागलं." अनेकदा तसं घडतंही, डॉक्टर-नर्सच्या हातांवरून, उपकरणांवरून जंतू येतात. पण दर वेळी तसं नसतं. जर्मनीत झालेला एक अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रक्तात स्टॅफ ऑरियस शिरलेल्या रुग्णांच्या नाकातले आणि रक्तातले जीवाणू जनुकीय पातळीवर ताडून पाहिले होते. पहिल्या टप्प्यातल्या २१९ रुग्णांत ८२ टक्के वेळा दोन्हीकडचा वाण एकच निघाला. रुग्णाला आजारी करणारा जीवाणू बहुतेक वेळा त्याने स्वतःच बरोबर आणलेला होता.

सांधा बदलताना आणखी एक अडचण असते. शरीरात धातू, प्लॅस्टिक, सिमेंट अशा निर्जीव वस्तू बसवल्या जातात. एलेक आणि कोनेन या दोघांनी १९५७ मध्ये स्वयंसेवकांवर केलेल्या प्रयोगाबद्दल वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. नुसत्या कातडीत पू व्हायला लाखो जीवाणू टोचावे लागत होते. रेशमी टाका घातलेला असला, तर काही शेकडो पुरत होते. एका टाक्याने एवढा फरक पडतो, मग अख्ख्या सांध्याने किती पडत असेल! निर्जीव वस्तूवर रक्तपुरवठा नसतो, म्हणून पांढऱ्या पेशी तिथे धड पोचत नाहीत. जीवाणू तिथे चिकटतात, स्वतःभोवती बुळबुळीत थर तयार करतात आणि त्या थराखाली प्रतिजैविकांनाही दाद देत नाहीत. असा संसर्ग मुरला, तर पुष्कळदा बसवलेला सांधा काढून, काही आठवडे औषधं देऊन, पुन्हा नवा बसवावा लागतो. पासष्टीच्या माणसावर तीन ऑपरेशनं! घरच्यांचे महिने जातात, पैसा जातो, आणि चालण्यासाठी आलेलं माणूस अंथरुणाला खिळतं. इतकं टाळायला पाच दिवसांचं मलम आणि साबण उपयोगी पडत असेल, तर ते प्रत्येक वाहकाला मिळायला हवं असं मला मनापासून वाटतं.

उपयोग होतो हे कशावरून?

नाकात म्युपिरोसिन नावाचं मलम लावलं की हा जीवाणू काही काळ नाहीसा होतो, हे जुनंच ज्ञान. प्रश्न होता, त्याने जखमा चिघळायच्या थांबतात का? अमेरिकेतल्या आयोवा राज्यातला मोठा प्रयोग २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. जवळपास ३,९०० रुग्णांना ऑपरेशनआधी मलम लावलं. निम्म्यांचं मलम खरं, निम्म्यांचं औषध नसलेलं. या जीवाणूमुळे जखम चिघळण्याचं प्रमाण एका गटात २.३ टक्के, दुसऱ्यात २.४. फरक काहीच नाही. वरवर पाहणाऱ्याने इथेच पुस्तक मिटलं असतं.

पण या प्रयोगात मलम सरसकट सगळ्यांना दिलं होतं. ज्यांच्या नाकात जीवाणूच नव्हता त्यांना त्याचा काय उपयोग होणार? असे लोक तीन चतुर्थांशांहून जास्त होते, आणि त्यांच्या गर्दीत वाहकांचा फायदा दिसेनासा झाला. फक्त ८९१ वाहकांचा हिशेब वेगळा काढला, तेव्हा रुग्णालयात होणारा स्टॅफ ऑरियसचा कुठलाही संसर्ग औषधाविना ७.७ टक्के आणि औषधाने ४ टक्के असा निघाला.

मग डच डॉक्टरांनी उलट्या बाजूने सुरुवात केली. आधी वाहक शोधायचे, मगच औषध द्यायचं. २००५ ते २००७ या काळात पाच रुग्णालयांत दाखल झालेल्या ६,७७१ जणांच्या नाकांची तपासणी झाली. नेहमीच्या पद्धतीने जीवाणू वाढवून बघायला दोन-तीन दिवस लागतात, तेवढा वेळ नव्हता. म्हणून कोविडच्या काळात आपल्या सगळ्यांच्या तोंडी बसलेली पीसीआर पद्धत त्यांनी वापरली. १,२५१ जण वाहक निघाले. त्यांतल्या ९१७ जणांवर प्रत्यक्ष प्रयोग झाला. काहींना पाच दिवस नाकात म्युपिरोसिन आणि अंगाला क्लोरहेक्झिडिन या जंतुनाशकाचा साबण. इतरांना तसंच दिसणारं, पण औषध नसलेलं मलम आणि साबण. औषध मिळालेल्या ५०४ जणांपैकी १७ जणांना संसर्ग झाला, न मिळालेल्या ४१३ पैकी ३२ जणांना. म्हणजे ३.४ टक्के विरुद्ध ७.७ टक्के. औषधाविना दोन्ही देशांतल्या वाहकांत ७.७ टक्के हाच आकडा यावा, हा योगायोग मला दर वेळी थबकवतो. जखमेच्या खोलवरचे संसर्ग, म्हणजे खरे घातक, ते तर जवळपास पाचपट कमी झाले. २०१० मध्ये हे निष्कर्ष छापून आले आणि जगभरच्या शल्यविशारदांनी त्यांची दखल घेतली.

टक्के बाजूला ठेवून सांगायचं, तर साधारण तेवीस वाहकांना हे पाच दिवसांचे उपचार दिले की त्यांतला एक जण संसर्गातून वाचतो. उरलेल्या बावीस जणांना उपचारांवाचूनही काही झालं नसतं किंवा उपचार घेऊनही झालं असतं. तो एक जण कोण, हे आधी कळत नाही, म्हणून तेवीसही जणांनी हे करायचं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत हृदय-छातीच्या आणि हाडांच्या ऑपरेशनला जाणाऱ्या, वाहक म्हणून माहीत असलेल्या रुग्णांसाठी याची ठाम शिफारस आहे. बाकीच्या ऑपरेशनांसाठी शिफारस थोडी सौम्य आहे, आणि ते मला रास्त वाटतं. हर्नियाचं साधं ऑपरेशन आणि हृदयाची झडप बदलणं यांत संसर्गाची किंमत सारखी नसते.

डच प्रयोगाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. तिथे सापडलेले सगळे जीवाणू नेहमीच्या औषधांना दाद देणारे होते. नेदरलँड्समध्ये एमआरएसए, म्हणजे मेथिसिलिनच्या कुळातल्या औषधांना न जुमानणारा स्टॅफ, फार कमी आहे. आपल्याकडे तसं नाही. भारतातल्या १५ मोठ्या केंद्रांमधून २००८ आणि २००९ मध्ये गोळा केलेल्या स्टॅफ ऑरियसच्या नमुन्यांत एमआरएसए अनुक्रमे ४२ आणि ४० टक्के होता. मात्र हे नमुने आजारी माणसांचे होते, नाकातल्या वस्तीचे नव्हते, हा फरक लक्षात असू द्या. म्युपिरोसिन आणि क्लोरहेक्झिडिन एमआरएसएवरही चालतात, कारण त्यांची मारण्याची रीत वेगळी आहे. पण नाकात एमआरएसए निघाला, तर ऑपरेशनच्या टेबलावर दिलं जाणारं प्रतिबंधक प्रतिजैविक बदलावं लागतं. नेहमीच्या सेफाझोलिनबरोबर व्हॅन्कोमायसिन देण्याचा विचार होतो. म्हणून रिपोर्टवर 'एमआरएसए' हा शब्द असेल, तर तो शल्यविशारदांना आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना दोघांनाही दाखवा. फाइलमध्ये आहे म्हणजे त्यांनी पाहिलाच असेल, असं धरून चालू नका.

पाच दिवस काय करायचं

मावशीला कुणी समजावून सांगितलं नव्हतं, म्हणून तिने पहिल्या दिवशी मलम नाकाच्या बाहेर शेंड्याला लावलं आणि गुलाबी द्रव बादलीभर पाण्यात टाकून अंगावर घेतला. दोन्ही चूक. औषध फुकट गेलं आणि ट्यूबवर छापलेलं वाचायला तिला चष्मा बदलावा लागला असता. रुग्णालयात एवढी धावपळ असते की पाच मिनिटं बसून दाखवायला माणूस मिळत नाही, हे मला समजतं; तरी ती पाच मिनिटं फार मोलाची असतात.

मलम नाकपुडीच्या आत लावायचं. काडेपेटीच्या काडीच्या गुलाएवढा थेंब कापसाच्या काडीवर किंवा करंगळीवर घेऊन, पुढच्या केसाळ भागाला आतून. दोन्ही नाकपुड्यांत. मग नाक बाहेरून चिमटीत धरून मिनिटभर हलकेच दाबायचं, म्हणजे ते पसरतं. दिवसातून दोनदा, पाच दिवस. तीन दिवसांनी बरं वाटलं म्हणून थांबवायचा प्रश्नच नाही, कारण बरं-वाईट वाटण्यासारखं इथे काही नसतंच. डॉक्टरांनी नाकासाठी लिहून दिलेलंच मलम घ्या. कातडीवरच्या जखमेसाठी मिळणाऱ्या म्युपिरोसिनच्या मलमाचा पाया वेगळा असतो आणि तो नाकात चुरचुरतो.

क्लोरहेक्झिडिनचा द्रव बादलीत मिसळायचा नाही. आपल्याकडे बहुतेक घरांत बादली-तांब्याची आंघोळ असते, तेव्हा असं करा. आधी अंग पूर्ण ओलं करा. नेहमीचा साबण लावायचाच असेल तर आधी लावून तो अगदी स्वच्छ धुऊन टाका, कारण साध्या साबणाचा अंश राहिला तर क्लोरहेक्झिडिनची ताकद जाते. मग तांब्या बाजूला ठेवा आणि द्रव हातावर किंवा स्वच्छ कापडावर घेऊन मानेपासून खाली सगळीकडे लावा. काखा, बेंबी, जांघा, पार्श्वभाग, पायाच्या बोटांच्या बेचक्या विसरू नका. दोनेक मिनिटं तसंच राहू द्या, मग पाणी घ्या. डोळ्यांत आणि कानांत जाऊ देऊ नका. कानाच्या पडद्याला भोक असेल तर आतल्या कानाला इजा होऊ शकते. आंघोळीनंतर पावडर किंवा लोशन नको. दर वेळी धुतलेला टॉवेल, धुतलेले कपडे, आणि शक्य असेल तर धुतलेली चादर. क्वचित एखाद्याला क्लोरहेक्झिडिनची तीव्र अ‍ॅलर्जी असते. अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा धाप लागली तर लगेच थांबून डॉक्टरांकडे जा. आणि ऑपरेशनच्या जागेचे केस घरी वस्तऱ्याने काढू नका. बारीक बारीक कापलं जातं आणि जीवाणूला आयतंच दार उघडतं.

ऑपरेशन तातडीचं असेल आणि पाच दिवस हातात नसतील तर? डच प्रयोगात रुग्ण दाखल होताच उपचार सुरू करत, मग ऑपरेशन मधल्या कुठल्याही दिवशी असो. म्हणून उशीर झाला म्हणून सोडून देण्याची गरज नाही, पण हा निर्णय डॉक्टरांचा.

आता सगळ्यात जास्त गैरसमज असलेली गोष्ट. या पाच दिवसांनी जीवाणू जन्माचा जात नाही. काही आठवड्यांत-महिन्यांत तो पुष्कळांच्या नाकात परततो, अनेकदा तोच वाण. घसा किंवा आतडं इथे तो शिल्लक असतो, घरातल्या दुसऱ्या माणसाकडे असतो. हे ऐकून मावशी हिरमुसली. पण विचार करा, लग्नाआधी आपण अंगण झाडून, सारवून घेतो ते आयुष्यभर पान पडू नये म्हणून नव्हे. त्या दिवशी तिथे पंगत बसायची असते म्हणून. जखम उघडी असण्याचे आणि भरून येण्याचे जे दिवस असतात, तेवढ्यात अंगण स्वच्छ हवं.

म्हणूनच ज्याला ऑपरेशन नाही, डायलिसिस नाही, वारंवार गळवं नाहीत, अशा धडधाकट वाहकाने नाकात मलम घालत बसू नये. त्याचा तोटा सगळ्यांना होतो. न्यूझीलंडमध्ये १९९१ पासून २००० पर्यंत म्युपिरोसिन दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळत होतं. लोक खरचटलं, चावलं, पुरळ आलं की ते लावत. त्या काळात तिथल्या स्टॅफ ऑरियसमध्ये म्युपिरोसिनला न जुमानणाऱ्या वाणांचं प्रमाण इतकं वाढलं की शेवटी चिठ्ठी सक्तीची करावी लागली. आपल्याकडे कायद्याने काहीही असो, गल्लीतल्या दुकानात कागद न मागता हे मलम हातात पडतं हे प्रत्येकाने पाहिलेलं आहे. मुलाच्या गुडघ्याच्या खरचटण्याला पाणी, साबण आणि स्वच्छ पट्टी पुरते. ते मलम आजीच्या सांध्यासाठी धारदार राहू द्या.

घरात सारखी गळवं येत असतील तर

काही घरांत ही चक्राकार चालणारी गोष्ट असते. पावसाळ्यात धाकट्याला गळू, मग आईला, मग पुन्हा धाकट्याला. "उष्णता झाली" म्हणून सब्जा, गुलकंद सुरू होतो. अशा वेळी एकट्या मुलाच्या नाकात मलम घालून भागेल का? अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरात १८३ मुलांवर हा प्रश्न तपासला गेला. निम्म्या घरांत फक्त मुलावर पाच दिवसांचे उपचार केले, निम्म्या घरांत सगळ्यांवर. वर्षानंतर मुलाच्या अंगावरचा जीवाणू गेला का, यात दोन्ही गटांत फारसा फरक नव्हता. पण पुन्हा गळू किंवा तसा संसर्ग झालेली मुलं पहिल्या गटात ७२ टक्के होती, दुसऱ्यात ५२ टक्के. फायदा खरा आहे आणि तो अपुराही आहे. निम्म्याहून जास्त मुलांना पुन्हा त्रास झालाच. म्हणून टॉवेल, पंचा, वस्तरा प्रत्येकाचा वेगळा, नखं कापलेली, गळू घरी न फोडता झाकलेलं, हे मलमाइतकंच महत्त्वाचं. आणि मोठ्या माणसाला सारखी गळवं येत असतील, तर नाकाआधी रक्तातली साखर तपासून घ्या.

अतिदक्षता विभागाचं गणित वेगळं. तिथे जवळपास प्रत्येकाच्या शिरेत नळी असते, वाट पाहायला वेळ नसतो आणि रुग्ण दुबळा असतो. अमेरिकेतल्या ४३ रुग्णालयांच्या ७४ अतिदक्षता विभागांत, ७४ हजारांहून जास्त रुग्णांवर तीन रीती ताडून पाहिल्या: वाहक शोधून वेगळे ठेवणं, वाहक शोधून त्यांच्यावर उपचार करणं आणि न शोधता सगळ्यांनाच रोज क्लोरहेक्झिडिनने पुसून नाकात मलम लावणं. २०१३ मध्ये निकाल आला. तिसऱ्या रीतीत रक्तातले संसर्ग, कुठल्याही जंतूचे धरून, ४४ टक्क्यांनी घटले. आयोवातल्या धड्याच्या हे उलट वाटेल, पण नाही. गुडघ्यासाठी चालत आलेल्या माणसाला तपासायला सवड असते. व्हेंटिलेटरवरच्या माणसाला नसते. सरसकट वापराने जंतू निर्ढावतील ही भीती मात्र तिथेही आहे, म्हणून म्युपिरोसिनऐवजी नाकात आयोडीनयुक्त औषध चालेल का, हेही १३७ रुग्णालयांत पाहून झालं. २०२३ मध्ये कळलं की म्युपिरोसिनच सरस ठरलं.

काट्याने काटा काढताना

जीवाणू मारण्याऐवजी त्याची जागाच दुसऱ्या निरुपद्रवी जीवाणूला दिली तर? हा विचार आजचा नाही. १९५० च्या दशकात '८०/८१' नावाच्या घातक स्टॅफ वाणाने ऑस्ट्रेलियापासून अमेरिकेपर्यंत बाळंतपणाच्या विभागांत हैदोस घातला होता. न्यूयॉर्कमध्ये हेन्री शाइनफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आलं, की ज्या नवजात बाळांच्या अंगावर आधीच दुसरा एखादा स्टॅफ वसलेला आहे, त्यांच्यावर हा घातक वाण बसत नाही. मग त्यांनी '५०२ए' नावाचा सौम्य वाण मुद्दाम नवजातांच्या नाकात आणि नाळेच्या टोकाला लावला. आज हे वाचताना जीव दडपतो, पण साथ थांबली. पुढे वारंवार गळवं येणाऱ्या मोठ्या माणसांवरही तो वापरला गेला. मात्र सौम्य म्हटलेला हा वाणही कधीकधी फोड आणत होता, आणि १९७२ मध्ये एका बाळाचा त्याच्याच संसर्गाने मृत्यू झाल्याची नोंद आली. तिथे हा मार्ग बंद झाला. ज्या डॉक्टरांनी तो शोधला त्यांना मी दोष देऊ शकत नाही. त्यांच्यासमोर रोज बाळं दगावत होती.

अलीकडे हाच विचार थायलंडमधून वेगळ्या वाटेने परत आला आहे. तिथल्या २०० ग्रामस्थांच्या तपासणीत दिसलं, की ज्यांच्या आतड्यात बॅसिलस जातीचे जीवाणू होते त्यांच्यापैकी एकाच्याही आतड्यात किंवा नाकात स्टॅफ ऑरियस नव्हता. स्टॅफचे जीवाणू एकमेकांना रासायनिक निरोप पाठवून वस्ती टिकवतात. बॅसिलस जो पदार्थ सोडतो, तो या निरोपांची वाट अडवतो. हे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. नंतर सोंगखला प्रांतात ११५ वाहकांपैकी काहींना ३० दिवस बॅसिलस सब्टिलिस पोटात घ्यायला दिला. त्यांच्या शौचातला स्टॅफ ९६.८ टक्क्यांनी आणि नाकातला ६५.४ टक्क्यांनी घटला. औषध पोटात, आणि फरक नाकात! यावरून वाटतं, की नाकातून हाकललेला जीवाणू परत येतो तो बहुधा आतड्यातल्या मोठ्या साठ्यातून. मात्र त्या प्रयोगात मोजली ती वस्ती. ऑपरेशनच्या जखमा त्याने कमी चिघळतात का, हे त्यात तपासलेलं नव्हतं.

हे मी मावशीला सांगितलं, तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, "मग मी रोज ताक पिते त्याने नाही का जात?" नाही. दही-ताकातले जीवाणू लॅक्टोबॅसिलस कुळातले, नावात साम्य असलं तरी वेगळे. त्यांनी नाकातला स्टॅफ जातो असं या प्रयोगावरून म्हणता येत नाही.

मावशीने मग उरलेल्या दिवसांचा हिशेब केला. ऑपरेशनला अजून आठ दिवस होते. नातसुनेने तिला काडेपेटीतली एक काडी मापासाठी ट्यूबला रबराने बांधून दिली, फळीवर पाच धुतलेले पंचे रचून ठेवले, आणि नातू त्या रात्री नेहमीच्या जागी, तिच्या कुशीत झोपला.